एआरटी सुरू झाली आणि कावीळ झाली? या चुका टाळा

एचआयव्हीवरच्या गोळ्या, म्हणजे एआरटी, सुरू होऊन दीड महिना झालेला असतो. भूक परतलेली, वजन दोन किलोंनी वाढलेलं. आणि नेमकी तेव्हाच लघवी गडद पिवळी होते, लिव्हरची सूज दाखवणारा एसजीपीटी ४०० येतो. घरचे म्हणतात, औषध बाधलं. गोळी बंद होते. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

अशा काविळीमागे हिपॅटायटिस बी असू शकतो. त्याचा विषाणू लिव्हरच्या पेशी स्वतः फारशा मारत नाही. लागण झालेल्या पेशींवर तुटून पडते ती आपलीच प्रतिकारशक्ती. सीडी४, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, पन्नास-साठवर असताना तिच्यात तेवढं बळच नसतं, म्हणून रिपोर्टही शांत दिसतात. एआरटीने ती सावरली की लपलेला विषाणू तिच्या नजरेला पडतो आणि लिव्हरला सूज येते, बहुधा पहिल्या तीन महिन्यांत. डॉक्टर याला ‘आयरिस’ म्हणतात.

टीएलडी या एआरटीच्या नेहमीच्या गोळीतली टेनोफोव्हिर आणि लॅमिव्हुडिन ही दोन औषधं हिपॅटायटिस बीलाही दाबून धरतात. गोळी अचानक सुटली की तो उसळतो, तोही आधीच सुजलेल्या लिव्हरवर. कधी गोळ्या थांबवाव्या लागतातही, पण ते एआरटी सेंटरच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून ठरवायचं.

उपचार सुरू होतानाच हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणी झाली का, हे विचारून घ्या. बी निघाला असेल तर ते कायम लक्षात ठेवा. पुढे किडनीमुळे टेनोफोव्हिर बदलायची वेळ आली, तर नव्या डॉक्टरांना हे आधी सांगा. एकट्या लॅमिव्हुडिनला हिपॅटायटिस बी काही काळाने दाद देत नाही.

सगळा दोष आयरिसवर टाकणंही चूक. टीबीचे उपचारही चालू असतील, तर त्यातली आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड ही तिन्ही औषधं लिव्हरला इजा करू शकतात. शिवाय लिव्हरमधला टीबीही याच काळात भडकू शकतो: ताप परत येतो, उजव्या बरगडीखाली दुखतं. म्हणून घरातली प्रत्येक स्ट्रिप पिशवीत घालून न्या, पॅरासिटामॉलचीसुद्धा.

काविळीची माळ घालून आठवडा वाया घालवू नका. गुळवेलीचा काढा निरुपद्रवी वाटतो, पण त्यानेही लिव्हरला सूज आल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवलंय. दारू तर पूर्ण बंद.

माणूस बरळू लागला, दिवसा झोपून राहू लागला, हिरड्यांतून रक्त आलं, पोट फुगलं किंवा उलट्यांमुळे गोळीच पोटात टिकेना, तर कार्डावरच्या पुढच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या हॉस्पिटलात न्या आणि एआरटी चालू असल्याचं तिथे लपवू नका.