पोलीस नसलेला कायदा वाचताना

एलएलएमला, म्हणजे कायद्याच्या पदव्युत्तर अभ्यासाला, आंतरराष्ट्रीय कायदा घेतला तेव्हा घरीदारी एकच प्रश्न: 'ज्याला पोलीस नाही, तो कसला कायदा?' पहिलं सत्र मलाही उत्तर देता आलं नाही. ते सापडलं माँट्रिअल प्रोटोकॉल हा ओझोन वाचवण्यासाठीचा करार वाचताना. म्हणून नव्यानं येणाऱ्यांना सांगते, गाईडं बाजूला ठेवा आणि एक करार अथपासून इतिपर्यंत वाचा. मूळ मसुदे संयुक्त राष्ट्रांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. करारांचा अर्थ कसा लावायचा, ते करारांचेच नियम सांगणाऱ्या 1969 च्या व्हिएन्ना कराराच्या कलम 31 मध्ये आहे.

ओझोनचा थर विरळ करणारी, फ्रीजमध्ये वापरली जाणारी सीएफसी रसायनं आटोक्यात आणायचा हा माँट्रिअल करार 16 सप्टेंबर 1987 चा. कपातीचं वेळापत्रक कलम 2 मध्ये आहे, ते सगळेच वाचतात. मी अडले कलम 4 पाशी. कराराबाहेरच्या देशांशी या रसायनांचा व्यापार बंद! बाहेर राहिलात तर माल विकणार कुणाला, घेणार कुणाकडून? पोलिसाचं काम इथे बाजार करतो. कलम 5 नं विकसनशील देशांना दहा वर्षांची सवलत दिली, तरी भारत बाहेरच थांबला. श्रीमंत देशांनी केलेल्या बिघाडाचा खर्च आम्ही का सोसायचा, हा आपला प्रश्न रास्तच होता. 1990 मध्ये लंडनला या देशांचा खर्च भागवणारा बहुपक्षीय निधी ठरला, त्यासाठी कलम 10 बदललं आणि 1992 मध्ये भारत आत आला. त्यानंतर कुठलंही कलम वाचताना मी आधी विचारते, ही कुणाची अडचण?

प्रबंधासाठी पुण्यातल्या एका फ्रीज दुरुस्तीच्या दुकानात दोन दुपारी बसले. मिस्त्रींनी जुन्या कॉम्प्रेसरवरची पट्टी फडक्यानं पुसली: आर-12, म्हणजे सीएफसीच. "हा गॅस बंद झाला, ताई. मग 134 आला. त्याला तेलसुद्धा वेगळं लागतं, आधीचं चालत नाही." माँट्रिअलचं कलम त्या तेलाच्या डब्यापर्यंत पोचलं होतं.

या 134 नं, म्हणजे आर-134ए गॅसनं, ओझोनला धक्का लागत नाही, पण पृथ्वी तापते. त्याच्या कपातीचं 2016 मध्ये रवांडातल्या किगालीला, याच करारात दुरुस्ती करून ठरलं, भारतानं 2021 मध्ये मान्यता दिली. हे सांगितल्यावर मिस्त्री म्हणाले, "म्हणजे परत नवं शिकायचं?"

त्याच बहुपक्षीय निधीतून मेकॅनिकांच्या प्रशिक्षणालाही पैसे मिळतात. त्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं. माझ्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण त्यावर झालं.