एकाच वेळी तीन कल्पित जगांत वावरायचं तर

विज्ञानकादंबरी किंवा फॅण्टसी चार दिवस बाजूला राहिली की कथानक सहसा आठवतं. निसटतात ती नावं, घराणी आणि त्या जगाचे नियम. म्हणून अशी दोन-तीन पुस्तकं एकदम वाचायची असतील, तर खरा कस निवडीतच लागतो.

आधी जोडी जुळवा. फ्रँक हर्बर्टची 'ड्यून' (१९६५) आणि जॉर्ज मार्टिनची 'अ गेम ऑफ थ्रोन्स' (१९९६) कृपया एकदम घेऊ नका. दोन्हींत सरदार घराण्यांची वैरं, फितुरी, वारसाहक्क; थोड्याच दिवसांत कोण कुणाच्या बाजूचं याचा पत्ता लागत नाही. 'ड्यून'च्या जोडीला आयझॅक अ‍ॅसिमॉव्हची 'फाउंडेशन' (१९५१) उत्तम. तिचे ५ भाग आहेत, त्यांतले ४ आधी मासिकात कथा म्हणून आले होते. भागाभागांत मोठा काळ लोटतो, बरीचशी पात्रंही बदलतात. त्यामुळे एक भाग संपवून ती पंधरवडाभर मिटून ठेवली तरी काही बिघडत नाही. तिसरं पुस्तक कथासंग्रहच असू द्या. जयंत नारळीकरांचा 'यक्षांची देणगी' लोकलच्या प्रवासात एकेक कथा करून वाचता येतो. तीनच्या वर मात्र जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग थांबे ठरवा. झोप आली म्हणून प्रसंगाच्या मधेच पुस्तक मिटलं, की परत शिरताना सगळं पाणी पुन्हा तापवावं लागतं. टॉल्किनची 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४-५५) छापली गेली ३ खंडांत, पण आत भाग आहेत ६. दुसऱ्या खंडाचा पूर्वार्ध अ‍ॅरागॉर्न आणि इतरांचा, उत्तरार्ध फ्रोडो आणि सॅमचा. त्या सांध्यावर खुशाल थांबा. पुन्हा सुरू करताना पहिल्या खंडाचं शेवटचं प्रकरण चाळून घ्या, कारण फ्रोडो आणि सॅम इतरांपासून तिथेच वेगळे झालेले असतात.

थांबताना पुस्तकात एक चिठ्ठी ठेवा. तिच्यावर गोष्टीचा सारांश नको. कुणाला काय ठाऊक आहे, एवढंच लिहा. 'ड्यून'साठी (लेटो हा सरदार, पॉल त्याचा मुलगा, अराकिस हा ग्रह) माझी चिठ्ठी अशी असेल: 'लेटो कुटुंबासह अराकिसवर. पॉलच्या खोलीत मारेकरी यंत्र सापडलं. फितूर कोण हे आपल्याला माहीत, लेटोला नाही.' त्या कादंबरीतला सगळा ताण या शेवटच्या वाक्यात आहे, आणि आठवडाभराच्या खंडानंतर नेमका तोच विसरला जातो.

शब्द अडला तर पुस्तकातच शोधा. 'ड्यून'च्या शेवटी शब्दसूची आहे, टॉल्किनच्या तिसऱ्या खंडाला परिशिष्टं आहेत. ई-बुक असेल तर नाव टाकून त्याचा पहिला उल्लेख काढा. इंटरनेटवर पात्राचं नाव शोधायला जाऊ नका. पहिल्याच ओळीत त्याचा मृत्यू लिहिलेला असतो आणि शेकडो पानांची उत्कंठा वाया जाते.

एखादं पुस्तक शेवटच्या शंभरेक पानांत आलं, की बाकीची दोन्ही मिटा आणि ते पुरं करा. महिनाभर हात न लागलेलं पुस्तक मात्र सोडलेल्या पानावरून ओढत नेऊ नका. त्या भागाच्या पहिल्या प्रकरणापासून पुन्हा धरा.