लग्नाचं जेवण बजेटमध्ये बसवायचंय? आधी माणसं मोजा (इंदूरचा अनुभव)

तारीख, हॉल, मुहूर्त ठरलंय असं धरूनच लिहितेय. घरातल्या आणि नात्यातल्या आठ-नऊ लग्नांचं जेवण मी सांभाळलंय, सगळी इंदूरमध्येच, आणि दर वेळी एकच सल्ला ऐकते, "कॅटररशी घासाघीस करा, प्लेटमागे वीस रुपये तरी सोडेल." समजा रेट 450 आहे आणि प्लेटा 300. वीस रुपये सुटले तर 6000 वाचले. पण तुम्ही आकडा 60 ने जास्त सांगितला असेल तर 27000 गेले. पैसा रेटमध्ये जात नाही, आकड्यात जातो.

सकाळ आणि रात्र वेगळी धरा

आपल्याकडे सकाळी अक्षता, मग घरच्यांची आणि नातेवाइकांची पंगत, आणि रात्री रिसेप्शनला कॉलनी, ऑफिस, व्यवहारातले लोक. ही दोन वेगळी जेवणं आहेत, वह्या पण दोन करा. दोन्हीकडे एकच कॅटरर एकच मेनू देतो म्हणाला तर नाही म्हणा.

मोजणी, इथेच सगळं अडतं

2011 मध्ये माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं. सगळे म्हणाले पत्रिका गुणिले तीन करायचं, तसंच केलं, 200 पत्रिका म्हणून रात्रीची 600 ची गॅरंटी, म्हणजे निदान इतक्या प्लेटांचे पैसे नक्की देऊ असं, कॅटररला लिहून दिली. प्लेटा लागल्या 380. पैसे 600 चेच द्यावे लागले कारण कागदावर तेच होतं. बाबांनी त्या जेवणासाठी एफडी मोडली होती. त्यांनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही, पण त्या रात्री हिशोबाला बसले तेव्हाचा त्यांचा चेहरा मला अजून दिसतो, म्हणून ही गोष्ट इतकी लांबवून सांगतेय.

पत्रिकेला कुठलाच आकडा गुणू नका. एक वही घ्या, एका घराला एक ओळ, आणि पुढे तीन रकाने: सकाळी किती, रात्री किती, नक्की की अंदाज. कंटाळा येतो, दोन संध्याकाळी जातात, पण दुसरा रस्ता नाही. ऑफिसच्या पत्रिकेवर "सहकुटुंब" छापलेलं असलं तरी माणूस एकटा येतो नाहीतर दोघं येतात, तिथे चार धरू नका. शेजारपाजारचे रात्री अख्खं घर येतात, पण लग्न फेब्रुवारी-मार्चमध्ये असेल तर परीक्षा असतात, मुलं येत नाहीत आणि त्यांच्यामुळे आई पण येत नाही. आणि देवउठनी एकादशी, वसंत पंचमी, अक्षय तृतीया अशा दिवशी लग्न असेल तर आकडा नीट विचार करून धरा, त्या दिवशी इंदूरमध्ये गल्लोगल्ली बारात असते, एकाच माणसाकडे तीन-तीन पत्रिका असतात, तो लिफाफा देतो, फोटो काढतो आणि जेवायला तिसरीकडे जातो. वर त्या दिवसांचे रेट पण चढे असतात.

उलट ज्यांना सगळे विसरतात ते म्हणजे पुण्या-मुंबईहून आलेले मुक्कामी पाहुणे. त्यांचं आदल्या रात्रीचं जेवण, सकाळचा नाश्ता, दोन वेळचा चहा, दुसऱ्या दिवशीचा डबा. ह्यांची यादी वेगळी करा, नाहीतर ऐन वेळी हॉटेलातून मागवावं लागतं आणि ते सगळ्यात महाग पडतं.

आठ दिवस आधी "अंदाज" लिहिलेल्या घरांना फोन करा. संकोच वाटतो, तरी करा, "काका, येताय ना, गाडीची व्यवस्था बघायची होती" असं विचारलं की लोक सरळ सांगतात. मग जो आकडा येईल त्याच्यापेक्षा थोडी कमी गॅरंटी द्या. 340 निघाले तर 300 लिहा. गॅरंटीच्या वर लोक आले तर प्लेटा वाढतात, पण खाली आले तर पैसे परत येत नाहीत.

फक्त हे कागदावर घ्या, तोंडी नको: गॅरंटीच्या वर किती माणसं त्याच रेटने आणि त्यांचं जेवण तयार असेल की नाही, मोजणी प्लेटवर की कुपनवर, बँडवाले-ड्रायव्हर-फोटोवाले ह्यांची जेवणं कुठल्या रेटने, आणि जीएसटी रेटमध्ये धरलाय की वरून लागणार.

मोजणी प्लेटवर असेल तर आपला एक माणूस तिथे बसवा, नवऱ्या मुलीचा भाऊ नको, त्याला शंभर कामं असतात, एखादा कॉलेजातला भाचा चालेल. सुरुवातीला प्लेटा मोजून घ्यायच्या आणि शेवटी उरलेल्या मोजायच्या. धुतलेल्या प्लेटा परत त्याच थप्पीत येऊ द्यायच्या नाहीत. एकदा आल्या की मग कुणालाच खरा आकडा कळत नाही, आणि तेव्हा कॅटरर सांगेल तोच धरावा लागतो. दुसऱ्यांदा घ्यायला आलेला माणूस नवी प्लेट उचलतो, त्याची पण दोन माणसं लागतात, म्हणून चाट काउंटरला दोने (द्रोण) ठेवायला सांगा आणि ते मोजणीत धरायचे नाहीत हे आधी ठरवा.

सकाळची पंगत

सकाळसाठी कॅटरर घेऊच नका, आचारी घ्या आणि सामान स्वतः भरा. किराणा सियागंजमधून, भाजी चोइथराम मंडीतून पहाटे. आचाऱ्याची यादी नेहमी फुगलेली असते, त्याची पण चूक नाही, कमी पडलं तर शिव्या त्यालाच बसतात. माझा 200 माणसांचा हिशोब असा: तांदूळ 14 किलो (साधा भात आणि मसालेभात मिळून), तूरडाळ 6, पुऱ्यांना कणीक 15, म्हणजे साधारण 900 पुऱ्या, बटाटे 20. जिलबी बाहेरून घेतली तर तेलाचा 15 किलोचा एक डबा पुरतो. गॅस 19 किलोचा कमर्शियल घ्या, घरचं सिलेंडर तिथे वापरता येत नाही.

मेनू वरण-भात-तूप-लिंबू, मसालेभात, बटाट्याची भाजी, सीझनची एक भाजी, कोशिंबीर, चटणी, पुरी. गोड एकच. ह्यावर घरात भांडण होतं, प्रत्येक आत्याला दुसरं काहीतरी पाहिजे असतं, पण तीन गोड ठेवले की तिन्ही थोडेथोडे उरतात. गरम जिलबी, माणशी 100 ग्रॅम, आग्रह करकरून वाढली की लोक तृप्त होऊन उठतात. श्रीखंड पण छान, पण मे महिन्यात ते थंड कसं ठेवणार ते आधी बघा.

डिसेंबर-जानेवारीत मटार, गाजर स्वस्त असतं, तेच घ्या. पनीर सकाळी लागत नाही.

रात्र

अख्खं सराफा, म्हणजे इंदूरचा रात्रीचा खाण्याचा बाजार, हॉलमध्ये आणू नका. दहीवडा, भुट्ट्याचा (मक्याच्या कणसाचा) कीस, गराडू (तळलेला कंद), पाणीपुरी, पावभाजी असे पाच काउंटर लावले की लोक तिथेच पोट भरतात आणि मेन जेवण भरल्या भांड्यात तसंच राहतं, तुम्ही पैसे दोन्हीचे देता. इंदूरच्या माणसाला सराफा रोज रात्री उघडा आहे, तो तुमच्याकडे त्यासाठी येत नाही. एक काउंटर ठेवा, थंडीत गराडू, वर जीरावन (इंदुरी मसाला) टाकून, उन्हाळ्यात दहीवडा. जेवणात एक पनीर, एक सुकी भाजी, दाल, पुलाव, तवा रोटी, एक गोड. बास.

प्यायला

सकाळी मठ्ठा. 10 किलो दह्यात 20 लिटर पाणी, आलं-मिरची-कोथिंबीर, 150 मिलीचे 200 ग्लास होतात. उन्हाळ्यात दारात पन्हं, कैऱ्या तेव्हा ढिगाने असतात. रंगीत सिरपचं वेलकम ड्रिंक मुळीच नको, लोक दोन घोट घेऊन खुर्चीखाली ठेवतात. शिकंजी ठेवू या असं कुणी म्हणालं तर लक्षात घ्या, इंदूरची शिकंजी लिंबाची नाही, आटवलेल्या दुधाची आणि सुक्या मेव्याची असते, महाग पडते आणि जड होते, जेवण कमी जातं.

पाण्याच्या छोट्या बाटल्या घेऊ नका, अर्ध्या पिऊन टाकतात. 20 लिटरचे जार आणि स्टीलचे ग्लास. प्लास्टिकच्या प्लेटा, ग्लास, चमचे 1 जुलै 2022 पासून बंद आहेत, टेंटवाला देतो म्हणाला तरी घेऊ नका, पत्तल-दोने सहज मिळतात.

नाश्ता

पोहे-जलेबी. 1 किलो पोह्यात 15-16 प्लेटा, वर शेव, कांदा, जीरावन. पुण्याचे पाहुणे परत परत मागतात.

उरलेलं आणि हिशोब

जेवण उरलं तर कुठे जाणार ते आदल्या दिवशी ठरवा, झाकणाचे डबे आणून ठेवा, रात्री बारा वाजता कुणाच्या अंगात ताकद नसते. ओल्या-सुक्या कचऱ्याचे डबे वेगळे ठेवायला हॉलवाल्याला सांगा. आणि कॅटररला सगळे पैसे आधी देऊ नका, चौथा हिस्सा राखून ठेवा, भाच्याने प्लेटांचा आकडा आणून दिला आणि दोघांच्या सह्या झाल्या की तेव्हाच, तिथेच द्या, दुसऱ्या दिवसावर नेऊ नका.