कोल्हापूरहून दोघांनी सिंधुदुर्गची किनारवाट कशी करावी

कोल्हापूरकरांना कोकण जवळ आहे, म्हणूनच बहुतेक जण ते घाईत बघतात. शनिवारी पहाटे निघायचं, थेट मालवण गाठायचं, थाळी, बोट, थोडं पाण्यात, आणि रविवारी त्याच घाटाने परत. यात किनाऱ्याचा रस्ता राहूनच जातो. विजयदुर्गपासून शिरोड्यापर्यंतचा हा रस्ता काजू-आंब्याच्या बागा, सुरूची बनं आणि कांदळवनं यांच्यामधून जातो आणि वळणावळणावर समुद्र दाखवतो. दोघांनी गाडीने करायला याच्याइतका चांगला रस्ता आपल्या हाताशी दुसरा नाही. त्याला तीन मुक्काम आणि चार दिवस द्या. करूळ घाटाने उतरा, आंबोलीने चढा. सगळं मिळून 500 ते 550 किलोमीटर होतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ.

तारीख ठरवण्याआधी तिथी बघा

हॉटेलच्या आधी हे करा. किनाऱ्याची सगळी मजा भरती-ओहोटीवर असते, आणि तिचा अंदाज भिंतीवरच्या दिनदर्शिकेतूनच काढता येतो. कोकणातला जुना हिशेब असा: तिथीच्या आकड्याला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला 4 × 3 ÷ 4, म्हणजे तीन वाजता भरती. त्याच्या सहा तास आधी आणि सहा तास नंतर ओहोटी, म्हणजे सकाळी नऊ आणि रात्री नऊच्या सुमारास. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्ही पंधरा धरायच्या: सव्वाअकरा वाजता भरती, संध्याकाळी साडेपाचच्या आसपास ओहोटी. हिशेब पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी फोनवर मालवण किंवा देवगडचं कोष्टक बघून पक्कं करा.

आता याचा उपयोग. पौर्णिमेला उधाण असतं, म्हणजे भरती जास्त चढते आणि ओहोटीही जास्त खाली जाते. त्यामुळे पौर्णिमेच्या संध्याकाळी किनारा सर्वात रुंद मिळतो, आणि समोर सूर्य बुडत असतानाच पाठीमागे माडांवरून चंद्र वर येतो. दुसरा किंवा तिसरा दिवस पौर्णिमेला गाठा. उलट अष्टमीला संध्याकाळी सहाला भरती असते. तेव्हा चिंचोळ्या किनाऱ्यांवर चालायला वाळू उरत नाही. पण स्नॉर्कलिंग किंवा स्कूबा हाच मुख्य बेत असेल तर अष्टमीच्या आसपासचे दिवस बरे. तेव्हा भांगाची, म्हणजे कमी चढ-उताराची भरती असते, पाण्याची ओढ कमी, गाळ कमी ढवळला जातो आणि खालचं स्पष्ट दिसतं.

या तीन वेळी जाणं टाळा. नाताळचा आठवडा, कारण खोल्या मिळत नाहीत. आंगणेवाडीच्या जत्रेचे दिवस. ही तारीख दरवर्षी ठरते, ती आधी विचारा. आणि महाशिवरात्रीला कुणकेश्वर, जत्रेलाच जायचं नसेल तर. पावसाळ्यात हा रस्ता हिरवागार असतो, पण सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बोटी बंद असतात, आणि 1 जून ते 31 जुलै मासेमारीबंदी असल्यामुळे ताटात ताजी मोठी मासळी कमीच येते.

गाडीची तयारी

टायरमधली हवा गाडी थंड असताना तपासा. स्टेपनीतही हवा भरा, ती नेमकी विसरली जाते. ब्रेक पॅड संपत आले असतील तर निघण्याआधी बदला. टाकी कोल्हापुरात भरा. घाटात आणि किनाऱ्यावर लिटरला 14 किलोमीटर धरले तर एकूण 36 ते 40 लिटर लागतील. पुढे पेट्रोल पंप मोठ्या गावांतच भेटतात, म्हणून टाकी अर्धी झाली की भरायची. तीन-चार हजार रुपये रोख ठेवा, कारण सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, रेंज जाते आणि फोनवरून पैसे जात नाहीत. नकाशाही आधीच डाउनलोड करून घ्या. दोघांचीही ओळखपत्रं सोबत असू द्या.

पहिला दिवस: गगनबावडा, करूळ, विजयदुर्ग

उजाडता उजाडता, साडेसहाच्या सुमाराला निघा. अंधारात निघू नका. थंडीत कारखान्यांचा हंगाम चालू असतो आणि फुलेवाडी-बालिंग्यापासून पुढे उसाचे ट्रॅक्टर लागतात. मागे दोन ट्रॉल्या, दोन्हीतून ऊस बाहेर आलेला, आणि मागच्या ट्रॉलीला बऱ्याचदा दिवा किंवा रिफ्लेक्टर नसतो. अंधारात ती शेवटच्या क्षणी दिसते. दिवसा ओलांडतानाही दोन ट्रॉल्यांची पूर्ण लांबी डोळ्यांसमोर धरा आणि समोरचा रस्ता तेवढा मोकळा दिसला तरच बाहेर या.

ज्याला गाडी लागते त्याने निघताना मिसळ खाऊ नये. पोहे किंवा भाकरी असं हलकं खावं, आवळासुपारी किंवा आलेपाक जवळ ठेवावा आणि घाटात फोनकडे बघू नये.

गगनबावडा साधारण 55 किलोमीटरवर. तिथे चहाला थांबा आणि घाट सुरू आहे का ते विचारा. करूळ घाट 2024 मध्ये काँक्रीटीकरणासाठी बराच काळ बंद होता, आणि पावसाळ्यात दरडींमुळेही वाहतूक थांबते. बंद असेल तर गगनबावड्याहूनच भुईबावडा घाट फुटतो.

उतरताना एक नियम पाळा: जो चढ ज्या गिअरमध्ये चढाल, त्याच गिअरमध्ये तो उतरा. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनच गाडी धरून ठेवतं. सतत ब्रेकवर पाय ठेवला की पॅड तापतात, जळका वास येतो आणि ब्रेक कमी धरायला लागतात. तसा वास आला तर वळण सोडून रुंद जागी थांबा आणि ब्रेक थंड होईपर्यंत, निदान वीसेक मिनिटं, निघू नका. चाकांवर पाणी ओतू नका, तापलेली डिस्क वाकडी होते. इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलमध्ये उतरणं तर धोक्याचंच. इंजिन बंद झालं की ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. धुकं असेल तर डिपर खालीच ठेवा, वरचा प्रकाश धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांवर येतो.

वैभववाडी, तळेरे, आणि तिथून विजयदुर्ग. किल्ला दुपारी करू नका. जांभ्याचा दगड तापतो आणि सावली कमी असते. जेवून, आराम करून चारला आत जा. मुक्काम इथे किंवा देवगडला.

दुसरा दिवस: खाड्यांचा हिशेब

इथे वेळेचं गणित सगळ्यांचं चुकतं. नकाशावर विजयदुर्ग ते मालवण जवळ वाटतं, पण हा किनारा सरळ नाही. रस्ता सड्यावर चढतो, मोकळ्या कातळावरून जातो, मग खाडीसाठी झाडीतून खाली उतरतो, पूल ओलांडतो आणि पुन्हा चढतो. दर खाडीला हेच. म्हणून ताशी 30 किलोमीटर धरा, थांबे वेगळे. समोर हाकेच्या अंतरावर दिसणारा किनारा पूल दूर असला तर तासाभराचा होतो. देवबागहून पलीकडे भोगवे दिसतं, पण गाडीला नेरूरपारच्या पुलापर्यंत आत जाऊन परत बाहेर यावं लागतं.

देवगडहून तारामुंबरी-मिठमुंबरीच्या पुलावरून कुणकेश्वरला जा. खाडीच्या पुलाआधी जागा बघून गाडी बाजूला लावा आणि पाच मिनिटं खाली बघा. ओहोटीला कांदळाची मुळं चिखलातून बोटांसारखी वर आलेली दिसतात, त्यांच्यामध्ये खेकडे फिरतात आणि बगळे ताटकळत उभे असतात. पुलावरच थांबू नका. पुढे मिठबाव, आचरा आणि कोळंब पुलावरून मालवण.

गाडी वाळूवर अजिबात नेऊ नका. ओली वाळू कडक दिसते, पण चाक एकदा फिरलं की बसतं, आणि भरती आली की मीठ इंजिनपर्यंत जातं. चुकून रुतलीच तर ॲक्सिलरेटर देऊ नका, चाक आणखी खोल जातं. चाकांसमोरची वाळू हाताने काढा, खाली झावळ्या घाला, टायरची हवा 18 ते 20 पीएसआयपर्यंत उतरवा आणि दुसऱ्या गिअरमध्ये हळू बाहेर काढा. नंतर लगेच हवा भरून घ्या. आणि गाडी माडाखाली लावू नका. नारळ किंवा झाप पडला की काच जाते.

तिसरा दिवस: मालवण, तारकर्ली, देवबाग

सिंधुदुर्गची बोट सकाळी लवकर घ्या, गर्दी आणि ऊन दोन्ही कमी असतं. 1664 मध्ये शिवाजी महाराजांनी बांधायला घेतलेला हा किल्ला घाईत बघू नका. किनाऱ्यावर रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, ओढत असतील तर बघत उभे राहा, पण दोरावर पाय देऊ नका.

पोहण्याबाबत कडक राहा. खाडीच्या मुखाशी, विशेषतः देवबागच्या संगमाजवळ, ओहोटीला पाणी वेगाने बाहेर ओढतं, आणि पौर्णिमेच्या उधाणात तर जास्तच. तिथे उतरू नका. इतरत्र गुडघाभर पाण्यातच राहा आणि आधी गावातल्या माणसाला विचारा. ओढ लागलीच तर किनाऱ्याकडे सरळ झुंजू नका, दम संपतो. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला या आणि मग आत वळा.

चौथा दिवस: परतीची वाट

सातला मालवण सोडा. नेरूरपार, परुळे, वेंगुर्ला. वेळ असेल तरच आरवलीवरून शिरोड्याच्या वेळागर किनाऱ्यापर्यंत जा. सुरूच्या बनात डबा खायला चांगली सावली आहे. वायंगणीला मुक्काम वाढवणार असाल तर रात्री किनाऱ्यावर टॉर्च लावू नका; तिथे समुद्री कासवं अंडी घालायला येतात आणि उजेडाने बिचकून परत फिरतात.

दुपारी दोनच्या आत सावंतवाडी सोडायचीच. आंबोली आणि आजऱ्याच्या जंगलपट्ट्यात संध्याकाळी गवे रस्त्यावर येतात. गवा दिसला तर लांबच थांबा, डिपर खाली करा, हॉर्न वाजवू नका. एक गेला म्हणून लगेच निघू नका, मागे कळप असतो. आजऱ्यात घनसाळ तांदूळ घ्या आणि उत्तूर, निपाणीमार्गे महामार्गाला लागा.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी गाडी खालून धुऊन घ्या. नुसतं वरून पाणी मारून उपयोग नाही. खारा वारा आणि वाळू सायलेन्सर, चाकांच्या कमानी आणि दारांखालच्या पट्ट्यांत बसते, आणि गंज तिथूनच सुरू होतो.