हिवाळ्यात पक्षी बघायला पाणथळीवर जाण्याआधी

आदल्या रात्री बॅग भरायच्या आधी नकाशा उघडा. सकाळी सूर्य पाठीशी राहील असा काठ, म्हणजे पाण्याची पूर्व बाजू, हेरून ठेवा. समोरून ऊन आलं की हजार बदकांचे नुसते काळे ठिपके दिसतात, दुर्बीण कितीही महागडी असो. दुपारनंतर काठ बदलायचा. क्षेत्र किती वाजता उघडतं, परवानगी लागते का, तेही तेव्हाच बघा.

दुर्बीण ८×४२ची, म्हणजे ८ पट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची, पुरे. १० पटीची असली की हाताची थरथरही तितकीच मोठी दिसते. चष्मा असेल तर डोळ्यांकडच्या रबरी कडा खाली फिरवा आणि दोन डोळ्यांतला फरक डायॉप्टरवर (दुर्बिणीवरच्या त्यासाठीच्या चकतीवर) घरीच जुळवा; गारठलेल्या बोटांनी ते जमत नाही. स्पॉटिंग स्कोप, म्हणजे तिकाटण्यावरची एकनळी दुर्बीण, असेल तर लांबचे थवे आधी उरका. ऊन चढलं की पाण्यावरची हवा लहरू लागते आणि ४० पटीला पक्षी नुसता वितळताना दिसतो. कॅमेऱ्याच्या जादा बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला.

कपड्यांत मी पहिल्या वर्षी फसलो. चालायच्या हिशोबाने निघालो आणि तीन तास एका जागी बसून राहिलो. थंडी पायांतून चढते. जाड मोजे, शिवाय एक कोरडा जोड, बसायला जाडसर चटई. जॅकेट मळक्या रंगाचं. हात हलवून बघा, सळसळत असेल तर दुसरं घ्या.

रात्री थोडा अभ्यासही हवा. हिवाळ्यात नर बदकं ऐन रंगात असतात, त्यामुळे थापट्या किंवा तलवार बदक ओळखायला कष्ट नाहीत. खरी परीक्षा चिखलात चरणाऱ्या तुतारी पक्ष्यांची (सँडपायपर), कारण या दिवसांत त्या बहुतेक करड्याच. त्यांच्या हिवाळी पिसाऱ्याची चित्रं पाहा: चोचीची लांबी, पायांचा रंग, उडताना पंखावर पट्टी दिसते का. नोंदींना पेन्सिल; दमट कागदावर पेन रुसतं.

काठावर पोचल्यावर बदकांनी चरणं सोडून माना वर केल्या, तर समजा आपण फार जवळ आलोय. तिथेच थांबा, जमलं तर चार पावलं मागे या. उडायला लावलं की त्यांची थंडीसाठी साठवलेली चरबी वाया जाते. आणि आपण हललोही नसताना थवा उठला, तर पाण्याकडे नको, वर बघा. बहुधा हॅरियर हा शिकारी पक्षी आलेला असतो.