कंपनीवर विश्वकोशात लेख होऊ शकतो का, हे कसे ठरवावे

कंपनी जुनी आहे, उलाढाल मोठी आहे, नाव घरोघरी पोहोचले आहे, तेव्हा विकिपीडियावर तिचा लेख व्हायलाच हवा, असे सातारा-सांगलीकडे मला अनेकदा ऐकावे लागते. हे साफ चुकीचे आहे. वय, उलाढाल, कामगारांची संख्या किंवा शेअर बाजारातील नोंदणी यांपैकी कशानेही कंपनी आपोआप लेखास पात्र ठरत नाही. कंपनीशी काहीही देणेघेणे नसलेल्या विश्वासार्ह लेखकांनी आपणहून तिच्याविषयी सविस्तर लिहिले आहे का, एवढेच पाहायचे असते; विकिपीडियावर यालाच उल्लेखनीयता म्हणतात.

प्रथम मिळेल तो सगळा मजकूर गोळा करावा. संदर्भ इंटरनेटवरच असला पाहिजे अशी अट नाही, त्यामुळे वाचनालयातील जुने अंक, विद्यापीठांतील प्रबंध आणि 1963 चे सातारा व 1969 चे सांगली जिल्हा गॅझेटियर यांतील उद्योगांची प्रकरणे अवश्य चाळावीत.

त्यानंतर किरकोळ नोंदी बाजूला काढाव्यात. नवी शाखा, नवा संचालक, तिमाही नफा, पुरस्कारांच्या याद्या हे सगळे वगळावे. साखर कारखान्याच्या बाबतीत गळीत हंगामाचा शुभारंभ, वार्षिक सभा आणि जाहीर झालेला ऊसदर या बातम्याही याच ढिगात जातात. अध्यक्षांच्या राजकारणावर रकानेच्या रकाने आले असतील, तर ते अध्यक्षांविषयीचे लेखन आहे, कारखान्याविषयीचे नव्हे.

खरी कसोटी पुढे आहे, आणि मी स्वतः तिथेच चुकलो होतो. काही वर्षांपूर्वी सांगलीजवळच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यावर मी लेख लिहिला. माझ्याजवळ एकवीस कात्रणे होती आणि त्या संख्येवर माझा पूर्ण भरवसा होता. लेख वगळण्यासाठी चर्चेला आला, तेव्हा एका अनुभवी संपादकाने मला त्यातील कोणतीही दोन कात्रणे शेजारी ठेवून वाचायला सांगितले. वृत्तपत्रे वेगळी, मथळे वेगळे, पण मधली चार वाक्ये शब्दशः तीच होती. एकवीसपैकी सतरा कात्रणे कंपनीनेच पाठवलेल्या तीन प्रसिद्धिपत्रकांतून निघाली होती, आणि उरलेली चार कात्रणे म्हणजे मालकांच्या मुलाखती होत्या. सात दिवसांच्या चर्चेनंतर लेख वगळला गेला, आणि तो निर्णय योग्यच होता.

तेव्हापासून मी प्रत्येक कात्रणावर पेन्सिल घेऊन बसतो. मालक, अधिकारी किंवा कंपनीचे पत्रक यांच्याकडून आलेले प्रत्येक विधान खोडतो. ‘ते म्हणाले’ हे शब्द नसले, तरी माहिती दुसरीकडून मिळणे शक्यच नसेल तर तेही खोडतो. जे उरते ते पत्रकाराचे स्वतःचे काम. अर्धे पान खोडून दोन ओळी उरल्या, तर तो संदर्भ लेखाची पात्रता सिद्ध करण्यासाठी निरुपयोगी आहे, मग वृत्तपत्र कितीही प्रतिष्ठित असो.

आपल्याकडे सर्वांत जास्त फसगत वर्धापनदिनाच्या पुरवण्या करतात. ज्याने जाहिरात दिली त्याचीच यशोगाथा शेजारी छापलेली असते, आणि ती बातमीसारखी दिसावी अशीच मांडलेली असते. वृत्तसमूहांनी काढलेली उद्योजकांची कॉफी टेबल पुस्तकेही बहुधा याच वाटेने येतात. ती संदर्भ म्हणून कधीही मोजू नयेत, असे माझे ठाम मत आहे.

संदर्भ कंपनीपासून स्वतंत्र हवा, हा नियम प्रतिष्ठित नावांनाही लागू पडतो. पलूस तालुक्यातील किर्लोस्करवाडी ही लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये औंध संस्थानात वसवलेली औद्योगिक वसाहत, आणि तेथूनच 1920 मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ हे कारखान्याचे नियतकालिक निघू लागले. पुढे त्याचे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि मराठी वाचकांच्या मनात त्याने स्वतंत्र स्थान मिळवले. तरीही कारखान्याविषयीचा त्यातील मजकूर, किंवा कुटुंबीयांनी लिहिलेल्या आठवणी, पात्रता सिद्ध करण्यासाठी चालत नाहीत. एखादा तपशील देण्यासाठी जपून वापरता येतात, इतकेच. किर्लोस्करांची कंपनी पात्र ठरते ती बाहेरच्या अभ्यासकांनी भारतीय उद्योगाच्या इतिहासात तिची दखल घेतल्यामुळे.

टीकात्मक लेखनाला मात्र घाबरू नये. कामगारांचा संप, नदीचे प्रदूषण किंवा थकलेली ऊसबिले यांवर एखाद्या पत्रकाराने कागदपत्रे तपासून कंपनीच्या कारभारावर लांब वृत्तांत लिहिला असेल, तर तो दहा यशोगाथांपेक्षा मोलाचा संदर्भ असतो.

शेवटी उरलेल्या संदर्भांतील उत्तम तीन निवडावेत. प्रत्येक संदर्भ एकट्याने स्वतंत्र, विश्वासार्ह, दुय्यम (म्हणजे मूळ माहितीवर लेखकाने स्वतः विचार करून लिहिलेला) आणि सविस्तर असला पाहिजे. चार अपुरे मिळून एक पुरेसा होत नाही. इंग्रजी विकिपीडियाच्या निकषांनुसार केवळ स्थानिक माध्यमांची दखल पुरत नाही, निदान एक संदर्भ तरी प्रादेशिक, राज्यव्यापी किंवा राष्ट्रीय पातळीवरचा लागतो. केवळ जिल्ह्याच्या पानावर आलेला मजकूर मी स्थानिकच धरतो. प्रत्येक भाषेतील विकिपीडिया आपले नियम स्वतः ठरवतो, म्हणून जिथे लिहायचे तिथले धोरण आधी वाचावे.

तीन संदर्भ टिकले तर लिहावे. कंपनीकडून मोबदला मिळत असेल, तर तो जाहीर करणे विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया संस्थेच्या वापर अटींनुसार 2014 पासून बंधनकारक आहे, आणि अशा वेळी लेख थेट प्रकाशित न करता मसुदा इतर संपादकांकडून तपासून घ्यावा. संदर्भ टिकले नाहीत, तर मालकांना तसे स्पष्ट सांगावे, गावाच्या लेखात उद्योगांखाली एखादी संदर्भासह ओळ बसते का ते पाहावे, आणि कात्रणांची फाईल जपून ठेवावी.