खोली निवडावी पावसाच्या हिशेबाने

वसतिगृहातली खोली बघायला बहुतेक जण मे महिन्यात येतात, भिंती खडखडीत कोरड्या असताना. राहायला येतात ते जून-जुलैत. गोव्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. मेमध्ये नव्या रंगाचा वास येणारी खोली ऑगस्टमध्ये बुरशीचा वास मारू लागते, ती अशी. म्हणून खोली बघताना पहिला प्रश्न हा की इथे ओल कुठून येईल. मैत्रीण कुठल्या मजल्यावर आहे आणि खिडकीतून काय दिसतं, ते नंतर.

शिवाय हा हिशेब आता लांबचा झाला आहे. २०२३-२४ पासून गोव्यातल्या कॉलेजांत चार वर्षांची ऑनर्स पदवी सुरू झाली. १२० क्रेडिट झाली की तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं; चौथं वर्ष करून १६० पूर्ण केली की ऑनर्स, आणि पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के असतील तर चौथ्या वर्षी संशोधन. हा पल्ला गाठायचा असेल तर चार पावसाळे वसतिगृहात काढायचे आहेत, हे धरून चला.

दिशा आधी, मजला मागाहून

पावसाळ्यात वारा नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो. ताळगाव, बांबोळी, झुआरीनगर, फर्मागुढी ही सगळी पठारावरची ठिकाणं. तिथे वाऱ्याला अडवायला फारसं काही नसतं आणि पाऊस आडवा मारतो. समुद्र दिसणारी पश्चिमेची खोली सगळ्यांत आधी भरते, आणि जुलैत खाट भिंतीपासून ओढून मधोमध घ्यावी लागते तीही तिथेच. एप्रिल-मेमध्ये त्याच खोलीची भिंत दुपारभर ऊन पिते आणि झोपायच्या वेळी ती उष्णता आत सोडते. पश्चिमेच्या बाजूने बोलायचं तर एकच गोष्ट आहे: उन्हाळ्यात दुपारी समुद्राकडून येणारा वारा. तो खरंच सुखाचा असतो, पण वर्गात बसलेल्याला त्याचा उपयोग काय?

उत्तम खोली ती, जिची खिडकी पूर्वेला किंवा ईशान्येला आहे आणि दार पश्चिमेच्या झाकलेल्या व्हरांड्यात उघडतं. पावसाचा मारा व्हरांडा घेतो, सकाळचं ऊन खोली सुकवतं, आणि दार-खिडकी समोरासमोर असल्याने वारा आरपार जातो. दक्षिणेच्या खिडकीत नोव्हेंबर ते फेब्रुवारी छान ऊन येतं, पण नैऋत्येचा थोडा पाऊस तिलाही लागतो. दिशा फोनवरच्या होकायंत्राने बघायची तर लोखंडी खाटेपासून दूर, बाहेर व्हरांड्यात उभं राहून बघा. खाटेजवळ ते सरळ खोटं बोलतं.

पश्चिमेचीच खोली मिळत असेल तर दोन गोष्टी तपासा. एक, खिडकीवरचा छज्जा किमान दोन फूट पुढे आलेला आहे का. दोन, सरकत्या अ‍ॅल्युमिनियम खिडकीच्या खालच्या खाचेत मगभर पाणी ओता. ते बाहेरच्या बाजूने वाहून गेलं तर ठीक. साचून राहिलं तर निचऱ्याची भोकं धुळीने बुजली आहेत, आणि पहिल्याच मोठ्या सरीला खाच भरून पाणी आतल्या बाजूला उतरेल. बऱ्याचदा लोक याला ‘भिंत झिरपते’ म्हणून तक्रार करतात, तर कारण इतकंच असतं. टाचणीने किंवा सायकलच्या तारेने भोकं मोकळी करायला पाच मिनिटं लागतात. लाकडी खिडकी असेल तर ती पावसात फुगते. आताच घट्ट बसत असेल तर जुलैत बंदच होणार नाही.

मजल्यांमध्ये मधले बरे. तळमजल्यावर जमिनीतली ओल भिंतीत साधारण मीटरभर वर चढते, डास जास्त, आणि पठारावर गोम, विंचू, क्वचित सापही. त्यात येणारे-जाणारे आत बघतात म्हणून खिडकी कायम बंद ठेवली जाते आणि उरलासुरला वाराही तुटतो. सर्वांत वरच्या मजल्यावर स्लॅब तापतो आणि गळण्याची शक्यता असते. वर गच्चीवर पत्र्याचं छप्पर घातलेलं असेल, गोव्यात ते पुष्कळ इमारतींवर दिसतं, तर गळती आणि उष्णता दोन्ही कमी होतात; मात्र जोराच्या सरीत घरी फोनवर बोलायचं तर खाली उतरावं लागेल.

भिंत कशी वाचायची

खोलीत गेल्यावर आधी वास घ्या, मग दिवा लावा. बंद कपाट उघडून डोकं आत घाला; कुबट वास तिथेच सगळ्यांत आधी कळतो. कपाट पुढे ओढता आलं तर त्याची मागची बाजू बघा. प्लायवूडच्या पाठीवर करडे-हिरवे ठिपके दिसले तर ती भिंत दर पावसाळ्यात ओलावते. लोखंडी कपाट मिळत असेल तर तेच घ्या. गंजेल, पण पुस्तकांना बुरशी लावणार नाही.

मग टॉर्च भिंतीला चिकटवून तिरका मारा. समोरून सपाट दिसणारा रंग तिरक्या उजेडात फोड आलेला दिसतो. खिडकीच्या खालचे दोन कोपरे, छताचे चार कोपरे आणि न्हाणीघराला लागून असलेली भिंत एवढं बघितलं तरी पुरे. पांढरी पिठासारखी पूड म्हणजे लोणा. पाणी भिंतीतून क्षार घेऊन बाहेर आलं आणि उडून गेलं, त्याची ती खूण. चारांपैकी एकाच भिंतीला ताजा रंग असेल तर का लावला, हे विचारा. उत्तर सफाई कर्मचाऱ्याकडून मिळेल, ऑफिसकडून नाही. गेल्या ऑगस्टमध्ये कुठल्या खोल्यांत बादल्या ठेवल्या होत्या हे त्यांना पाठ असतं.

पाणी आणि वीज

टाकी गच्चीवर असते, त्यामुळे पाण्याचा जोर खाली जास्त आणि वर कमी. सर्वांत वरच्या मजल्याचा शॉवर टाकीच्या जेमतेम दोन-तीन मीटर खाली असतो, म्हणून तिथे बारीक धार येते. नळ बिघडलेला नसतो. बादलीने आंघोळ करणाऱ्याला फरक पडत नाही. सौर बंबाचं गरम पाणी टाकीजवळच्या नळांना लवकर पोचतं, पण ढगाळ आठवड्यात ते कुणालाच मिळत नाही. बघायला जाल तर सकाळी साडेसातला जा. न्हाणीघरांची संख्या दारं मोजून कळते, रांग मात्र त्याच वेळी दिसते. न्हाणीघराच्या शेजारची खोली सोयीची वाटते, पण बादल्यांचा आवाज, नळातली घरघर आणि ओली सामाईक भिंत तिच्यासोबत येतात. दोन-तीन दारं सोडून असलेली खोली घ्या.

वीज तपासायची ती फोनचा चार्जर लावून, प्रत्येक पॉइंटवर. माणशी दोन चालू पॉइंट हवेत आणि त्यातला एक टेबलाजवळ. खोल्यांत साधे ६ अँपियरचे पॉइंट असतात. १००० वॅटची इस्त्री साडेचार अँपियरच्या आत बसते. १५०० वॅटची किटली साडेसहा घेते, म्हणजे पॉइंटच्या क्षमतेबाहेर. सॉकेट काळा पडतो किंवा ओळीतल्या सगळ्या खोल्यांची वीज जाते, आणि मग कोणी काय लावलं होतं याची चौकशी होते. पाण्यात बुडवायचा रॉड तर आणूच नका. धातूच्या अंगाचा लॅपटॉप तीन पिनांच्या चार्जरवर असताना हाताला झिणझिण्या आणत असेल तर त्या पॉइंटला अर्थिंग नाही. हे लेखी कळवा. वळवाच्या दिवसांत वीज वारंवार जाते. जनरेटर असेल तर तो खोलीतले पंखे चालवतो की फक्त जिन्यातले दिवे, हे विचारून ठेवा.

मेस, रस्ता, आवाज

ब्लॉकपासून मेसपर्यंतची वाट झाकलेली आहे का बघा. उघडी असेल तर चार महिने दिवसातून तीन वेळा छत्री. मेसच्या अगदी डोक्यावरची खोली मात्र टाळा: पहाटे भांडी, दुपारी मासे तळल्याचा धूर, बारा महिने झुरळं. बांबोळीला महामार्गाकडची बाजू आणि झुआरीनगरला दाबोळीची विमानं, हे आवाज एकदा खिडकी उघडून ऐका. रात्री आठनंतर बसगाड्या विरळ होतात आणि पायलटही, म्हणजे भाड्याची मोटरसायकल चालवणारा, प्रत्येक नाक्यावर मिळतोच असं नाही. ट्यूशन किंवा संध्याकाळचं काम असणाऱ्यांनी फाटकाजवळचा ब्लॉक मागावा.

सोबती

जुना मित्र चांगला सोबती निघेलच असं नाही. विचारायचे प्रश्न थोडे आणि रोकडे: रात्री दिवा किती वाजता बंद? अभ्यास बोलून की मनात? पंखा पाचवर लागतो का? घरून सुकी मासळी येणार का, आणि आली तर दुसऱ्याला चालेल का? कपडे खोलीत वाळत घालणार का? हा शेवटचा प्रश्न गोव्यात फार महत्त्वाचा आहे. हाताने पिळलेली जीन्स जवळजवळ स्वतःच्या वजनाइतकं पाणी धरून असते आणि ते सगळं खोलीच्या हवेत जातं. तिघांच्या खोलीत तीन दोऱ्या बांधल्या तर ऑगस्टमध्ये गाद्याही ओल्या लागतात.

सत्तरी, पेडणे, काणकोण किंवा सावंतवाडीकडची मुलं बहुधा शनिवारी घरी जातात. तुम्ही लांबून आलेले असाल तर असा सोबती हवाच: दोन दिवस खोली तुमची आणि त्याचे ओले कपडे त्याच्या घरी. फक्त दुसरी किल्ली आधी करून घ्या.

चौथ्या वर्षाचा विचारही इथेच येतो. सोबती तीन वर्षांनी पदवी घेऊन निघाला तर त्याची खाट ऑफिस कोणालाही देईल. प्रकल्पाच्या वर्षात नवख्या मुलाबरोबर राहायचं नसेल तर सहावं सत्र संपण्याआधी, तुमच्यासारख्याच चौथ्या वर्षाला थांबणाऱ्याबरोबर जोडीने अर्ज द्या. एकट्याची खोली पहिल्या वर्षी मागण्यापेक्षा तेव्हा मागा. मिळण्याची शक्यता तेव्हाच जास्त.

अर्ज

पहिल्या वर्षी निवडीला मर्यादा असते. रॅगिंगविरोधी नियमांनुसार नव्या विद्यार्थ्यांना शक्यतो वेगळ्या ब्लॉकमध्ये ठेवतात, त्यामुळे ब्लॉक बहुधा ठरलेलाच; मागायचं ते मजला आणि दिशा. पसंतीच्या रकान्यात ‘चांगली खोली’ लिहून काही होत नाही. ‘मधला मजला, पूर्वेची खिडकी, पर्याय: पहिला मजला, उत्तरेची खिडकी’ असं लिहा. दमा असेल तर डॉक्टरचं प्रमाणपत्र जोडा, पण तळमजला मागू नका. जिने टाळायचे म्हणून लोक तो मागतात आणि ओलीने दमा वाढतो. गुडघा किंवा पाय दुखावलेल्याने मात्र तळमजलाच मागावा, न्हाणीघरालगतची खोली सोडून.

खोली ताब्यात घेताना सामान आत नेण्याआधी खाट, टेबल, खिडकीच्या काचा, पंखा, कडी आणि भिंतीचे डाग यांचे फोटो काढून त्याच दिवशी वॉर्डनला पाठवा. वर्षाअखेर अनामत कापली जाते ती आधीच्या मुलांनी फोडलेल्या काचेसाठी. गादी खाट मोजल्याशिवाय घेऊ नका. लोखंडी खाटा अडीच फुटीही असतात आणि तीन फुटीही. कापसाची आणि काथ्याची गादी ओल धरते. फोमची लवकर सुकते.

नको ती खोली पदरात पडली तर पहिल्याच दिवशी भांडू नका. सुरुवातीला प्रवेश रद्द होतात, खाटा रिकाम्या होतात. साधारण दोन आठवड्यांनी अदलाबदलीचा अर्ज द्या, दोन्ही विद्यार्थ्यांच्या सह्यांसह. तोंडी ठरवून सामान हलवलं तर दोघंही चूक ठरतात. तोवर कपाट बाहेरच्या भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, खाट खिडकीपासून दूर घ्या, चामड्याचे पट्टे आणि बूट कपाटात कोंडू नका. डांबरगोळ्यांनी किडे जातात, बुरशी जात नाही. ओल शोषणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे बंद कपाटात उपयोगी पडतात, उघड्या खोलीत नाही. डब्यात पाणी साचलं की ते न सांडता टाकून द्या. कपड्यांवर पडलं तर डाग आणि कायमची ओल.

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, सुट्टीत खोली आठवडाभर बंद राहते, आणि बुरशी सगळ्यांत जास्त लागते ती याच काळात. निघताना गादी उभी करून ठेवा, कपाटाचं दार उघडं सोडा, एकही ओला टॉवेल आत ठेवू नका, लॅनची तार आणि चार्जर काढा. जाळी शाबूत असेल आणि छज्जा पुरेसा असेल तर वरची झडप बोटभर उघडी ठेवा. परत आल्यावर आधी दार-खिडकी उघडून पंखा तासभर पूर्ण जोरात चालू ठेवा, आणि मगच घरून आणलेल्या नेवऱ्यांचा डबा फोडा.